नॉर्वेच्या राजांच्या मागावर : स्टाव्हांगर ते ओस्लो

नॉर्वेला जाऊन आलो म्हटलं की जो तो फियोर्डचे नाहीतर मध्यरात्रीच्या सूर्याचे फोटो मागतो. आम्ही गेलो होतो तिथल्या राजांसाठी. मी बरीच वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पण युरोपचे राजे म्हणजे इंग्लंड आणि फ्रान्सचे, फार तर रशियाचा झार. निवृत्तीनंतर वायकिंगांबद्दल वाचायला लागले आणि हाराल्ड, ओलाव, होकोन ही नावं डोक्यात बसली. सोबत एक प्रश्नही बसला. ज्या देशात पाचशेहून अधिक वर्षं स्वतःचा, स्वतःच्या भूमीवर राहणारा राजा नव्हता, त्या देशाने १९०५ मध्ये स्वीडनपासून मोकळं झाल्याबरोबर मतदान करून पुन्हा राजा का आणला? जुलैच्या शेवटी निघालो, म्हणजे संत मानलेल्या राजा ओलावचा दिवस, २९ जुलै, ट्रोन्हाइममध्ये पडेल. बरोबर यजमान होते आणि पहिले काही दिवस माझी भाची.

सोमवार, स्टाव्हांगर

भाची इथे तेलाच्या कंपनीत नोकरीला आहे, त्यामुळे राहण्याजेवणाची चिंता नव्हती. दुपारी तिने सिटी बसने हाफ्रसफियोर्डला नेलं. शांत खाडी, काठावर हिरवळ, आणि खडकात रोवलेल्या तीन काँसाच्या तलवारी, प्रत्येक दोन-तीन मजली घराएवढी. फ्रिट्स रोएड या शिल्पकाराने त्या केल्या आणि १९८३ मध्ये राजे ओलाव पाचवे यांनी त्यांचं अनावरण केलं. मोठी तलवार हाराल्डची, ज्याला नॉर्वेचा पहिला राजा मानतात, बाकीच्या दोन त्याने हरवलेल्या राजांच्या. त्या पुन्हा उपसता येऊ नयेत म्हणून खडकात रोवल्या आहेत, लढाई संपली असं सांगायला.

ही लढाई परंपरेने ८७२ ची मानतात. तिच्यामागची गोष्ट आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने १२३० च्या सुमारास लिहून ठेवली. हाराल्डने गिदा नावाच्या राजकन्येला मागणी घातली. तिने निरोप धाडला, चार गावांच्या राजासाठी मी माझं आयुष्य वाया घालवणार नाही, सगळ्या नॉर्वेचा राजा हो आणि मग ये. त्यावर हाराल्डने शपथ घेतली की सगळा देश हाती येईपर्यंत केस कापणार नाही आणि विंचरणारही नाही. काम फत्ते झाल्यावर मोरेच्या जहागीरदाराने त्याचे केस कापले आणि तेव्हापासून तो सुंदर केसांचा हाराल्ड झाला.

तलवारींच्या पायथ्याशी पोरं पाण्यात उड्या मारत होती. हवेत बोचरा गारठा, आम्ही स्वेटरमध्ये, आणि ती पोरं ओल्या अंगाने खडकावर चढून पुन्हा सूर मारणारी. त्यांची आजी टॉवेल घेऊन काठावर बसली होती. मी हाराल्डबद्दल विचारलं तर म्हणाली, "लढाई इथे झाली, पण तो राजा होता पश्चिम किनाऱ्याचा. बाकीचा देश जोडायला पुढे कितीतरी पिढ्या गेल्या." इतिहासकारही हेच सांगतात.

रात्री साडेदहाला लख्ख उजेड होता. झोपताना डोळ्यांवर बांधायला काहीतरी घरूनच घेऊन जा, सगळ्याच हॉटेलांचे पडदे जाड नसतात.

मंगळवार, हाउगेसुन आणि आवाल्डस्नेस

हाउगेसुनची बस मध्येच फेरीबोटीवर चढते. बोटीवर 'स्वेले' मिळतं, ताकात भिजवलेलं जाडसर गोड धिरडं, आत लोणी-साखर नाहीतर तपकिरी चीज. हे चीज चाखून यजमान एकदम म्हणाले, "अगं, ही तर दूध आटवलेल्या कढईची खरवड!" तसंच आहे. चिजाचं पाणी आटवून आटवून ते करतात, म्हणून ती भाजकी गोडी येते. पुढे सगळ्या प्रवासात आमच्या पिशवीत त्याचा एक ठोकळा होताच.

हाराल्डला हाउगेसुनजवळ पुरल्याचं स्नोरी लिहितो. त्या टेकाडावर १८७२ मध्ये, लढाईला हजार वर्षं झाली म्हणून, १७ मीटर उंच स्तंभ उभारला. भोवती २९ दगड, जुन्या प्रांतांचे. मला या स्तंभापाशी वेगळंच जाणवलं. १८७२ मध्ये नॉर्वे स्वीडनच्या राजाखाली होता. स्वतःचा राजा नसलेल्या लोकांनी आपल्या पहिल्या राजाची आठवण एवढ्या उंचीची उभारावी, यात त्यांच्या मनातली इच्छा स्पष्ट दिसते.

आवाल्डस्नेस तिथून बसने जवळ. अरुंद सामुद्रधुनीच्या काठावर हे राजांचं ठाणं होतं. दक्षिणोत्तर जाणारी जहाजं उघडा समुद्र टाळायला याच आडोशाच्या पाण्यातून जायची, म्हणजे ज्याच्या हाती हा काठ त्याच्या हाती व्यापार. होकोन होकोनसनने साधारण १२५० मध्ये बांधलेलं दगडी चर्च आहे आणि त्याला खेटून एक उभा पाषाण, सात मीटरहून उंच, भिंतीकडे झुकलेला. पाषाणाचं टोक आणि भिंत यांच्यामध्ये तळहात मावेल एवढीच फट. पाषाण भिंतीला टेकला की जगबुडी होणार, अशी समजूत आहे. म्हणे पूर्वीचे पाद्री गुपचूप शिडी लावून टोक थोडं थोडं छिनायचे. खाली उभं राहून वर बघितलं की टोकाचा ओबडधोबडपणा दिसतो आणि गोष्ट खरी वाटायला लागते. वारा इतका की चर्चच्या भिंतीला पाठ लावूनच उभं राहावं लागत होतं.

चर्चजवळचं इतिहास केंद्र जमिनीच्या पोटात बांधलं आहे, लांबून दिसतच नाही. आधी ते बघा, मग चर्च.

बुधवार, बर्गेनच्या वाटेवर

बस स्टुर बेटावरून जाते. त्याच्या उत्तर टोकाला फिट्यार. इथे हाराल्डचा धाकटा मुलगा होकोन ९६१ च्या सुमारास लढाईत जखमी होऊन गेला. वाटेत दुसरं बघायला काही नव्हतं, पण सगळ्या वायकिंग राजांत मला हाच जवळचा वाटतो, म्हणून त्याचं थोडं सांगते.

होकोन इंग्लंडचा राजा अ‍ॅथेलस्टनच्या दरबारी वाढला, ख्रिस्ती झाला. परत आला तेव्हा पोरसवदाच होता. त्याने तलवार काढण्याआधी ट्रोन्हाइमच्या शेतकऱ्यांच्या सभेत जाऊन शब्द दिला की बापाने घेतलेले तुमचे जमिनीचे हक्क परत देतो, मला राजा माना. त्यांनी मानलं. पुढे त्याने धर्म बदलायचा विषय काढला तेव्हा त्याच शेतकऱ्यांनी सभेत उभं राहून ऐकवलं की एवढं सोडून बोल, नाहीतर आम्ही दुसरा राजा बघतो. यज्ञाच्या जेवणात घोड्याचं मांस खायलाच हवं असा त्यांचा हट्ट. होकोनने कढईच्या कडीवर कापड गुंडाळलं आणि वाफेवर नुसतं तोंड उघडलं. कोणाचंच समाधान झालं नाही. पुढच्या वेळी त्याला घोड्याच्या काळजाचे तुकडे खावेच लागले. एवढं होऊनही लोक त्याला 'चांगला होकोन' म्हणतात, आणि त्याचा भाऊ एरिक, ज्याने भावांनाच मारलं, तो 'रक्ताळ कुऱ्हाडीचा एरिक' म्हणून राहिला. राजाचं नाव लोक ठेवतात.

गुरुवार, बर्गेन

बर्गेनला पाऊस होता. तिथे तो असतोच, छत्रीपेक्षा टोपीचं जाकीट न्या, वाऱ्यात छत्री टिकत नाही.

सकाळी होकोनशालेन, बंदराच्या तोंडाशी असलेला दगडी दरबार. होकोन होकोनसनने बांधलेला. या होकोनची कथाच विलक्षण आहे. देशात गादीवरून यादवी चाललेली, शत्रू बाळाच्या मागावर, म्हणून १२०६ च्या हिवाळ्यात बिर्केबाइनर पक्षाच्या दोन माणसांनी दीड-दोन वर्षांच्या होकोनला छातीशी बांधून स्कीवरून डोंगरापार नेलं. ते बाळ १२१७ मध्ये राजा झालं आणि तब्बल सेहेचाळीस वर्षं राज्य केलं. १२४७ मध्ये पोपच्या प्रतिनिधीने बर्गेनला त्याला मुकुट घातला, तेव्हा धो धो पाऊस होता आणि पाहुणे मावतील असं घरच नव्हतं, म्हणून मेजवानी जहाजं ठेवायच्या मोठ्या छपराखाली झाली. पुढे दरबार बांधला. १२६१ मध्ये मुलगा मागनुस आणि डेन्मार्कची राजकन्या इंगेबोर्ग यांचं लग्न इथे लागलं.

आत शिरलो तर दालन रिकामं. उंच लाकडी छत, जाड भिंती, खिडकीवर पाऊस. गाइड मुलगी विशीतली, इतिहासाची विद्यार्थिनी. तिने आधी १९४४ सांगितलं. २० एप्रिलला बंदरात स्फोटकांनी भरलेलं एक डच जहाज फुटलं आणि या इमारतीचं छत उडालं, आतलं जळालं. उरल्या त्या भिंती. वर दिसतं ते नंतरचं, १९६१ मध्ये पुरं झालेलं. "भिंतीला हात लावा," ती म्हणाली, "ह्या मात्र होकोनच्या." दगड ओला, गार, आणि एका ठिकाणी काळपट. तो काळेपणा जळल्याचा की वयाचा, ते तिलाही सांगता येईना.

मग तिने मागनुसचा विषय काढला आणि तिचा चेहराच उजळला. मागनुसने १२७४ मध्ये सगळ्या देशाला एकच कायदा दिला. त्या काळी युरोपात आख्ख्या राज्याला एक लेखी कायदा जवळपास कुठेच नव्हता. तो चारशे वर्षं चालला. त्यातली दोन कलमं तिने तोंडपाठ सांगितली. एक, ज्याला काम मिळत नाही आणि जो भुकेने मरू नये म्हणून अन्न चोरतो, त्याला शिक्षा नाही. दुसरं, न्यायाधीशाने निकाल देताना चार बहिणींना बरोबर बसवायचं : दया, सत्य, न्याय आणि शांती. तेराव्या शतकात! मी तिला ते दोनदा सांगायला लावून वहीत उतरवून घेतलं. खाडीवरच्या तीन तलवारींपेक्षा हे एक कलम मला मोठं वाटतं, आणि हाराल्डचं राज्य खऱ्या अर्थाने एक झालं ते या कायद्याने, असं माझं मत आहे.

होकोन स्वतः १२६३ च्या डिसेंबरात ऑर्कने बेटांवर वारला, स्कॉटलंडच्या मोहिमेवरून परतताना. पुढच्या शतकात वंश आटत गेला, १३४९ ला प्लेगची साथ आली, आणि १३८० मध्ये डेन्मार्कचा कोवळा राजा ओलाव चौथा नॉर्वेच्याही गादीवर आला तेव्हापासून ती गादी डेन्मार्कशी बांधली गेली ती १८१४ पर्यंत.

दुपारी बंदरावर माशाचं सूप. सायीचं, वर शेपू. मासळीबाजार बघायला छान आहे, पण जेवायला दोन गल्ल्या आत जा, तिथे दर निम्मे नसले तरी सुसह्य असतात. भाची इथून परत गेली. "मावशी, ट्रोन्हाइमला रात्रीच्या प्रार्थनेला जाच," असं तीनतीनदा बजावून.

शनिवार, स्टिक्लेस्टाड

शुक्रवार विमानात आणि ट्रोन्हाइममध्ये सामान टाकण्यात गेला. शनिवारी वेर्डालला आणि तिथून स्टिक्लेस्टाडला. हिरवीगार शेतं, बार्ली पिवळी पडायला लागलेली, एक जुनं दगडी चर्च. २९ जुलै १०३० ला इथे ओलाव हाराल्डसन मारला गेला. तो वायकिंग म्हणून लुटालूट करत वाढला, राजा झाला, सक्तीने धर्म लादला, सरदारांना दुखावलं. देश सोडून पळावं लागलं. परत आला तेव्हा समोर उभी होती शेतकऱ्यांची फौज, त्याच्याच प्रजेची. तीन घाव बसले, गुडघ्यावर, पोटात आणि मानेवर. पंधरा वर्षांचा सावत्र भाऊ हाराल्ड जखमी होऊन निसटला. तो पुढे कॉन्स्टँटिनोपलला सम्राटाच्या पहारेकऱ्यांत शिरला, राजा झाला आणि १०६६ मध्ये इंग्लंडात स्टॅम्फर्ड ब्रिजला पडला.

वर्षभरात ओलाव संत ठरला. ज्यांनी मारलं त्यांनीच मानलं. त्याच्यामागे डेन्मार्कच्या क्नूटने मुलगा आणि त्याच्या आईला नॉर्वेवर बसवलं, कर आणि जाच इतका वाढला की लोकांना ओलाव बरा वाटू लागला. शेवटी ज्या सरदारांनी ओलावविरुद्ध शस्त्र धरलं तेच रशियात जाऊन त्याचा कोवळा मुलगा मागनुस याला राजा म्हणून घेऊन आले. मागनुस आधी सूडाला लागला. तेव्हा सिग्वात नावाच्या राजकवीने भर दरबारात कविता म्हटली, शेतकरी चिडले आहेत, तुझ्या बापासारखं तुझंही होईल. मागनुसने ऐकलं. लोक त्यालाही 'चांगला मागनुस' म्हणायला लागले.

दर वर्षी जुलैच्या अखेरीला इथे उघड्यावर नाटक होतं, १९५४ पासून. डोंगरउतारावर बैठका, समोर गवती रंगमंच, खरे घोडे, खऱ्या गायी. नट काही व्यावसायिक, बाकी सगळे आसपासच्या गावांतले. माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते. तरुणपणी ते शेतकऱ्यांच्या फौजेत उभे राहायचे, आता नातू उभा होता. नातू आला की ते बोट करायचे, "तो, तिसरा, लाल दाढीवाला." मी विचारलं, तुम्ही कधी राजाच्या बाजूला नव्हता? ते जरा ताठ झाले. "आम्ही इथले. इथले लोक राजाच्या विरुद्ध होते." आणि लगेच, "पण २९ तारखेला मी चर्चमध्ये असतो." दोन्ही वाक्यं त्यांनी तितक्याच आपुलकीने म्हटली.

भाषा कळली नाही तरी गोष्ट वाचून गेलं तर अडत नाही. ब्लँकेट, पावसाचं जाकीट आणि बसायला जाड काहीतरी न्या, सूर्य कलला की गारठा झटकन चढतो. मध्यंतरात 'रोम्मेग्रोट' मिळालं, आंबट सायीची गरम खीर, वर वितळलेलं लोणी, साखर आणि दालचिनी. दोघांत एक वाटी पुरे.

रविवार रात्र आणि सोमवार, ट्रोन्हाइम

संत ओलावच्या आधीचा राजा ओलाव ट्रिग्वासन याने ९९७ मध्ये वसवलेलं हे शहर. मधल्या चौकात उंच खांबावर त्याचा पुतळा आहे आणि खांबाची सावली जमिनीवर वेळ दाखवते. नदीच्या मुखाशी पूर्वी सभा भरायची, तिथे लोकांनी शस्त्रं उंचावून मान्यता दिली की माणूस राजा व्हायचा. वंश लागायचाच, पण मान्यताही लागायची.

रविवारी रात्री निदारोस कॅथेड्रलमध्ये संत ओलावच्या जागराला गेलो. आत येणारा जवळजवळ प्रत्येक दुसरा माणूस यात्रेकरू वाटत होता, पाठीवर सॅक, हातात काठी. ओस्लोहून इथवर ६४३ किलोमीटरची पायवाट आहे. आमच्या पुढे बसलेल्या बाईने बूट काढून बाजूला ठेवले होते, टाचांवर पट्ट्या. गाणं सुरू झालं तशी ती रडायला लागली, शेजारच्या अनोळखी मुलीने तिचा हात धरला. मी हिंदू बाई, मला त्या प्रार्थनेतलं एक अक्षर कळत नव्हतं, पण पंढरीच्या वारीतून आलेल्या माणसांच्या चेहऱ्यावरचा शिणवटा मला ओळखता येतो. तोच होता.

हे चर्च ओलावच्या कबरीवर उभं आहे, काम १०७० च्या सुमारास सुरू झालं. त्याचा देह ठेवलेली चांदीची पेटी धर्मसुधारणेच्या वेळी डेन्मार्कला नेऊन वितळवली. देह चर्चमध्येच पुरला आणि १५६८ मध्ये कबर मातीने बुजवली. नेमकी जागा आज कोणालाच दाखवता येत नाही. लोक तरीही चालत येतात.

सोमवारी शेजारच्या आर्चबिशपच्या वाड्यात राजमुकुट पाहिला. १८१८ मध्ये स्वीडन आणि नॉर्वेचा राजा कार्ल योहान याच्यासाठी स्टॉकहोमला घडवलेला. अंधाऱ्या खोलीत काचेत, समोर मोठं हिरवं रत्न. हा मुकुट शेवटचा डोक्यावर चढला १९०६ मध्ये, होकोन सातव्याच्या. दोनच वर्षांनी राज्यघटनेतून राज्याभिषेकाचं कलमच काढून टाकलं. ओलाव पाचवे १९५८ मध्ये आणि हाराल्ड पाचवे १९९१ मध्ये इथे नुसता आशीर्वाद घ्यायला आले.

प्रार्थनेला तिकीट नसतं, एरवी कॅथेड्रल, संग्रहालय आणि मुकुटांचं एकत्र तिकीट घेतलेलं बरं.

मंगळवार, डोव्रेवरून ओस्लो

आख्खा दिवस रेल्वेत. झाडं खुरटत जातात, मग नुसतं माळरान, लांब बर्फाचे पट्टे. १८१४ मध्ये राज्यघटना लिहायला आयड्सवोलला जमलेल्या लोकांनी हात हातात घेऊन म्हटलं होतं, 'डोव्रे कोसळेपर्यंत एकजूट आणि निष्ठावान.' डोंगर बघितल्यावर शपथेचं वजन कळलं. समोरच्या जोडप्याने कागदात बांधलेले पावाचे तुकडे काढले, आम्ही आमचे. गाडीतलं खाणं महाग, घरून डबा आणणं इथे सगळेच करतात.

बुधवार, आयड्सवोल

ओस्लोहून लोकलने तासाभराच्या आत. नेपोलियनची बाजू घेतलेल्या डेन्मार्कने हरल्यावर नॉर्वे स्वीडनला देऊन टाकला, नॉर्वेच्या लोकांना न विचारता. तेव्हा ११२ प्रतिनिधी एका लोखंडी कारखानदाराच्या या पांढऱ्या लाकडी घरात जमले आणि सहा आठवड्यांत राज्यघटना लिहिली. १७ मे १८१४ ला सही झाली आणि त्याच दिवशी त्यांनी डेन्मार्कच्या क्रिस्तियान फ्रेडरिकला राजा निवडलं. तो काही महिनेच टिकला. स्वीडनशी एक छोटं युद्ध, तह, आणि राजा म्हणून स्वीडनचाच राजा. पण घटना राहिली. आजही तीच आहे.

सभेची खोली बघून मी चकित झाले. शाळेच्या वर्गाहून फार मोठी नाही, साधी लाकडी बाकं. याच खोलीत ज्यूंना देशात येण्यास बंदी घालणारं कलमही लिहिलं गेलं आणि ते १८५१ पर्यंत राहिलं. तिथले फलक ते लपवत नाहीत, हे मला फार योग्य वाटलं.

गुरुवार, ओस्लो

राजवाडा टेकडीवर, समोर कार्ल योहानचा घोड्यावरचा पुतळा. हा मूळचा फ्रेंच सेनापती बेर्नादोत, स्वीडनने दत्तक घेतलेला. वाडा त्याने सुरू केला, पण १८४९ मध्ये तो पुरा झाला तेव्हा तो हयात नव्हता. वाड्याला कुंपण नाही. राजाच्या दाराशी मुलं सायकल फिरवत होती.

उन्हाळ्यात आतून वाडा दाखवतात. तिकीट आधीच ऑनलाइन घ्या, इंग्रजी फेऱ्या पटकन भरतात. बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून फिरायचं. शुक्रवारी जिथे राजा मंत्रिमंडळाबरोबर बसतो ती खोली दाखवताना गाइडने १९०५ सांगितलं आणि माझ्या मनातल्या प्रश्नाला उत्तर मिळालं.

७ जूनला नॉर्वेच्या संसदेने स्वीडनशी नातं तोडलं. ऑगस्टच्या सार्वमतात तोडण्याच्या बाजूने ३,६८,२०८ मतं आणि विरुद्ध फक्त १८४. मग डेन्मार्कचा राजपुत्र कार्ल याला गादी देऊ केली. तो म्हणाला, आधी लोकांना विचारा, त्यांना राजा हवा आहे का. सरकारला घाई होती, पण कार्लने ऐकलं नाही. नोव्हेंबरात पुन्हा मतदान झालं : २,५९,५६३ हो, ६९,२६४ नाही. मगच तो आला, होकोन सातवा हे जुनं नाव घेतलं, दोन वर्षांच्या मुलाचं नाव ओलाव ठेवलं आणि २५ नोव्हेंबरला बर्फात बंदरावर उतरला. शेतकऱ्यांच्या सभेत मान्यता मागणारा पोरसवदा होकोन मला तिथे आठवला. नॉर्वेच्या लोकांनी राजा नुसता आणला नाही, त्यांना विचारूनच यायला तयार असलेला राजा आणला.

आणि तो त्या विचारण्याला जागला. ९ एप्रिल १९४० ला जर्मन आले. दुसऱ्या दिवशी एल्वेरुमला हिटलरच्या राजदूताने मागणी केली, नॉर्वेतल्या नाझींचा पुढारी क्विसलिंग याला पंतप्रधान कर. राजाने मंत्रिमंडळाला सांगितलं, निर्णय तुमचा आहे, पण मी त्याला नेमू शकत नाही, तुम्ही मान्य केलंत तर मी गादी सोडतो. मंत्रिमंडळ त्याच्या मागे उभं राहिलं. पुढच्याच दिवशी त्यांच्या मुक्कामावर बॉम्ब पडले, बर्फातून जंगलात पळावं लागलं. ७ जूनला ट्रोम्सोहून इंग्लंडला गेला, पाच वर्षांनी त्याच तारखेला परतला. मधल्या काळात लोक भिंतींवर त्याचं मुद्राक्षर, एच आणि त्यात सात, रंगवायचे. गाइड हे सांगत होती तेव्हा गटातला एक म्हातारा गृहस्थ खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. बाहेर आल्यावर यजमानांना म्हणाला, माझ्या वडिलांना ते अक्षर रंगवताना पकडलं होतं.

संध्याकाळी होकोन सातव्याचा पुतळा पाहिला, उंच, सडपातळ, ७ जून चौकात. आकेर्सहुस किल्ल्यातल्या थडग्यात तो आणि मुलगा ओलाव पाचवा आहेत. ओलाव १९७३ च्या तेलटंचाईत, मोटारी बंद असताना, स्की घेऊन लोकलने गेला आणि तिकिटाचे पैसे पुढे केले, तो फोटो नॉर्वेत अजून सर्वांना माहीत आहे. १९९१ मध्ये तो गेला तेव्हा लोकांनी वाड्यासमोर बर्फात मेणबत्त्या लावल्या. हाराल्ड पाचव्यांनी कापडदुकानदाराच्या मुलीशी, सोन्याशी, लग्न करायला नऊ वर्षं वाट पाहिली, १९६८ पर्यंत. २०१६ मध्ये वाड्याच्या बागेत त्यांनी भाषण केलं की अफगाणिस्तान, पाकिस्तान, पोलंड, सोमालिया, सीरियातून आलेलेही नॉर्वेचेच. भाची म्हणते, ते ऐकलं तेव्हा पहिल्यांदा इथे घर वाटलं.

कोणी याच वाटेने जाणार असेल तर : दक्षिणेकडून उत्तरेकडे आणि मग ओस्लोला उतरा, काळही त्याच क्रमाने उलगडतो. ओस्लोतलं वायकिंग जहाजांचं संग्रहालय आम्ही गेलो तेव्हा नव्या इमारतीसाठी बंद होतं, निघण्याआधी त्याची स्थिती तपासा. २०३० मध्ये स्टिक्लेस्टाडच्या लढाईला हजार वर्षं होतात आणि देशभर मोठा सोहळा आहे. त्या जुलैत ट्रोन्हाइम आणि वेर्डालला खोली मिळणं अवघड जाईल, तेव्हा जायचं असेल तर राहण्याचं आधी ठरवा आणि विमान नंतर.